शिखर रुंद दिसलं म्हणजे ऊर्जा गळाली, असं नाही

नाशिकमधल्या फिजिक्सच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘नॅनो-रेझोनेटर जितका लहान, तितका शुद्ध. हवा काढा, थंड करा, ऊर्जा गळायची थांबते. तरी रेझोनन्सचं शिखर रुंद दिसलं, तर तेवढी ऊर्जा गळाली समजा.’ नॅनो-रेझोनेटर म्हणजे ठरावीक सुरात कंपणारी अतिसूक्ष्म पट्टी किंवा तार; कोणत्या वारंवारतेला ती किती हलते याचा आलेख काढला की तिच्या सुरापाशी जो उंचवटा येतो, ते शिखर. माझ्या एका विद्यार्थिनीने सेमिनारमध्ये हेच मांडलं, तेव्हा गप्प बसवेना.

लहान म्हणजे शुद्ध, म्हणजे कमी गळका? जाडी घटली की पृष्ठभागाचा वाटा वाढतो, आणि तिथला ऑक्साइडचा थर, चिकटलेले रेणू हेच ऊर्जा खातात. ताण नसलेल्या पट्ट्यांचा क्यू फॅक्टर (दर आवर्तनात ऊर्जा किती कमी गळते याचं माप) म्हणूनच आकारासोबत सहसा घसरतो. सिलिकॉन नायट्राइडच्या ताणलेल्या तारांचा क्यू प्रचंड असतो खरा, पण ती मुख्यतः ताणाची करामत.

निर्वातात हवेचा अडथळा जातो, एवढंच. पट्टी जिथे धरलेली असते तिथून कंपन चिपमध्ये झिरपतंच.

खरा घोळ तिसऱ्या वाक्यात आहे. पंचवटीतली नारोशंकराची घंटा डोळ्यांसमोर आणा. टोल दिल्यावर नाद हळूहळू विरतो. ही झाली ऊर्जेची गळती. आता समजा, विरताना तिचा सूर सतत किंचित चढतो-उतरतो आहे. नाद तितकाच वेळ टिकेल, पण बराच वेळ नोंद घेऊन वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती नाद, याचा आलेख) काढला तर शिखर रुंद येईल. ऊर्जा जागेवर, फेज (कंपन आपल्या आवर्तनात कुठवर आलं ते) मात्र भरकटलेली. हेच डीफेजिंग. नॅनो-पट्टीत हा सूर हलवतात पृष्ठभागावर सरकणारे रेणू, आसपासचे विद्युतभार, पदार्थातले सूक्ष्म दोष आणि त्याच पट्टीची इतर कंपनं.

फरक किती मोठा असू शकतो? अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये सिलिकॉनचा 5 गिगाहर्ट्झचा रेझोनेटर मिलिकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या, तापमानाला मोजला. ऊर्जा सुमारे 1.5 सेकंद टिकली. फेजची सुसंगती जेमतेम 130 मायक्रोसेकंद. म्हणजे 10,000 पटींहून जास्त तफावत! नुसती रुंदी पाहणाऱ्याने या अफाट रेझोनेटरला गळका ठरवलं असतं.

म्हणून शिखराच्या रुंदीशेजारी रिंगडाउनही मोजा: रेझोनेटर हलवा, चालना तोडा, ऊर्जा कशी उतरते ते पाहा. आणि अनेक फेऱ्यांची सरासरी काढताना आधी प्रत्येक फेरीतल्या आयामाचा (कंपनाच्या मोठेपणाचा) वर्ग करा. फेजसकट संकेतांचीच बेरीज केलीत, तर भरकटलेल्या फेजमुळे ते एकमेकांना खोडतील आणि डीफेजिंग पुन्हा ऊर्जेच्या खात्यात जमा होईल.