ओल रंग बघून येत नाही, हे मान्य

‘जुना लंडनकर’ यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगली लांबलचक आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथेच लिहिते. इतरांसाठी थोडक्यात: काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या) घरात राहणाऱ्या एका सोमाली कुटुंबाच्या भिंतीवरच्या बुरशीबद्दल मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "ओल काय रंग बघून येते? नियम सगळ्यांना सारखे आहेत. बावीस वर्षांत मला एकदाही भेदभाव दिसला नाही. इथेही आता आरक्षण आणायचंय का?"

आधी माझी चूक. तपासणीला आलेल्या माणसाला मी सरळ ‘वर्णद्वेषी’ म्हणून टाकलं. त्याच्या मनात काय होतं ते मला काय ठाऊक? शब्द मागे घेते, लेखातूनही काढलाय.

बाकीचं मात्र तसंच राहू दे. दर गुरुवारी मी लायब्ररीत लोकांना फॉर्म भरायला मदत करते. तिथे त्या सोमाली कुटुंबातली बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. तक्रार करायची ती ऑनलाइन, नाहीतर फोनवर. फोन मुलीच्या हातात. पलीकडून प्रश्न आला, "कंडेन्सेशन आहे की पेनिट्रेटिंग डॅम्प (बाहेरून भिंतीत मुरणारी ओल)?" मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "इट्स ब्लॅक." मी फोन मागेपर्यंत नोंद झालीसुद्धा: कंडेन्सेशन. म्हणजे घरातल्या वाफेची ओल, म्हणजे दोष भाडेकरूचा, म्हणजे खिडक्या उघडा. माणूस भिंत बघायला आला पाच महिन्यांनी, आणि "तुम्ही लोक फार शिजवता" असं सांगून गेला. नियम अगदी सारखा होता हो! तुम्ही-मी तोच फॉर्म दहा मिनिटांत भरून मोकळे झालो असतो.

सारख्या नियमाचं जुनं उदाहरण लंडनमधल्या ईलिंग काउन्सिलचं आहे. (मी तिथे राहत नाही, माझं त्यांच्याशी काही वाकडंही नाही. प्रकरणं कोर्टाच्या दप्तरी आहेत, एवढंच.) 1960 च्या दशकात घरांच्या प्रतीक्षा यादीसाठी त्या काउन्सिलचा नियम होता: अर्जदार ‘ब्रिटिश सब्जेक्ट’ (ब्रिटिश प्रजाजन) हवा. महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलातून लढलेल्या एका पोलिश माणसाला त्यामुळे यादीत घेतलं नाही. गंमत म्हणजे 1948 च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने भारताचे नागरिकही ‘ब्रिटिश सब्जेक्ट’मध्ये मोडत होते, त्यामुळे आपला माणूस या नियमातून पार झाला असता आणि हा गोरा गडी बाहेर. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत) गेलं आणि काउन्सिल जिंकली, कारण 1968 च्या वंशभेदविरोधी कायद्यात भेदभावाच्या कारणांत ‘राष्ट्रीय मूळ’ होतं, ‘नागरिकत्व’ नव्हतं. ती फट 1976 च्या कायद्याने बुजवली. त्याच कायद्याने पहिल्यांदा हेही मानलं की नियम दिसायला सारखा असून एखाद्याच समाजाला जाचत असेल, तर तोही भेदभाव ठरू शकतो.

दुसरं प्रकरण 2008 चं, आणि ते थेट तुमच्या मुद्द्यावरच आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था 1979 पासून काम करते. तिला पैसे देणाऱ्या ईलिंग काउन्सिलने ठरवलं, वेगळी सेवा कशाला, सगळ्या बायकांसाठी मिळून एकच सेवा ठेवू. कारण काय दिलं? समानता आणि सामाजिक सलोखा! दोन बायका हायकोर्टात गेल्या. सुनावणी चालू असतानाच काउन्सिलने निर्णय मागे घेतला. तरीही न्यायमूर्ती मोझेस यांनी निकालपत्र लिहिलंच: खास सेवेला पैसे देणं आणि समानता यांत विरोध नाही, आणि परिणामांचा विचार निर्णयाच्या आधी करायचा असतो.

राहिलं आरक्षण. 2010 च्या समानता कायद्याचं कलम 149 काढून वाचा. त्यात कोटा नाही. काउन्सिलने कुठलंही काम करताना भेदभाव टाळणं, समान संधी वाढवणं आणि लोकांत सलोखा राखणं यांचा यथायोग्य विचार करावा, एवढंच आहे. विचार. निकाल अमुकच लागला पाहिजे असं ते म्हणत नाही. मला तर हे कलम फार मवाळ वाटतं, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.

आणि तुमची ती बावीस वर्षं. राग मानू नका, पण इतक्या वर्षांत तुम्ही काउन्सिलकडे कशासाठी गेलात? पार्किंग परमिट, कचऱ्याचे डबे, काउन्सिल टॅक्स? मीही त्यासाठीच गेले. घर मागायला कधी गेले नाही, आजाऱ्यासाठी मदतनीस मागायला गेले नाही, आणि माझ्या वतीने माझ्या पोरीला कधी बोलावं लागलं नाही. त्यामुळे मलाही काही दिसलं नव्हतं. ते दिसायला लागलं लायब्ररीतल्या गुरुवारांपासून.

ता. क. – परवा त्या घरी दुसरा माणूस शिडी घेऊन येऊन गेला. छपराची पन्हळ फुटलीय, पाणी बाहेरून भिंतीत मुरतंय. पन्हळ बदलणार आहेत. तक्रारीच्या नोंदीत अजून ‘कंडेन्सेशन’च आहे. ती दुरुस्त करायचा फॉर्म वेगळा आहे म्हणे.