‘आपल्या गव्हाचा ब्रेड होत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्याकडच्या गव्हाला ब्रेडपुरता चिकटपणा नसतो. आपली हवा ब्रेडला मानवत नाही. यीस्ट हे रसायन आहे आणि ते पोटात जाऊन फुगत राहतं. साखरेशिवाय ते उठत नाही आणि मिठाने मरतं. महागडा ओव्हन नसेल तर विचारच करू नका. एवढं करून झालेला ब्रेड दुसऱ्या दिवशी दगड होतो, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवा. शेवटी सल्ला असा की घरी ब्रेड करायचा नाद सोडा, बेकरीतून आणा.

पहिला लोफ, म्हणजे घरी भाजलेला अख्खा ब्रेड, न फुगता बसला म्हणून खचलेल्या किती तरी जणींना हा मेसेज पटतो. मला तो पटत नाही, आणि नुसता चुकीचा आहे म्हणून सोडूनही देववत नाही, कारण तो वाचून लोक हात आखडता घेतात. घरचे बहुतेक लोफ बिघडतात ते घड्याळ बघून केल्यामुळे. गहू बिचारा त्यात फारसा दोषी नसतो.

तरी आधी गव्हाचंच बघू. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं आणि मळलं की त्यांचं जाळं तयार होतं, तेच ग्लुटेन. यीस्टमुळे निघणारा वायू या जाळ्यात अडकतो आणि ब्रेड फुगतो. आपल्याकडे पुरणपोळीची कणीक तेल-पाणी लावून तिंबतात आणि मग ती दुप्पट पुरण पोटात घेऊनही फाटत नाही. ती ताणली जाते ती ग्लुटेनच्याच जोरावर. मग त्याच गिरणीतल्या त्याच गव्हात ब्रेडपुरतं ग्लुटेन नाही, हे कसं मानायचं?

बरं, ‘आपल्याकडचा गहू’ म्हणजे नेमका कोणता? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेला एमएसीएस ६४७८ हा गहू सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात, करंजखोपच्या शेतकऱ्यांनी घेतला. ११० दिवसांत येणारा, हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उतरणारा, आणि दाण्यात १४ टक्के प्रथिनं असलेला. त्याची चपातीची प्रत तपासली गेली तशी ब्रेडचीही तपासली गेली. हे पीक साताऱ्याच्या मातीत उभं राहिलेलं आहे, बाहेरून आणलेलं नाही.

मेसेजातला एक धागा मात्र खरा आहे, आणि तो खपलीचा, म्हणजे टरफलात राहणाऱ्या जुन्या जातीच्या गव्हाचा. कृष्णाकाठी खपली पिकते, तिची खीर होते, पोळ्याही उत्तम होतात. पण खपलीचं ग्लुटेन कमकुवत असतं, ते वायू धरून ठेवत नाही. नुसत्या खपलीचा उंच लोफ होणार नाही. पाव भाग खपली आणि बाकी मैदा किंवा साध्या गव्हाची कणीक असं घेतलं तर खपलीची चव येते आणि लोफही बसत नाही. बन्सी या कठीण दाण्याच्या गव्हाचंही काहीसं असंच आहे, त्याचं पीठ ताणायला कमी पडतं.

कणकेचा ब्रेड जड होतो ही तक्रार खरी आहे, तिचं कारण वेगळं. गिरणीच्या दगडात दळताना पिठातला स्टार्च बराच फुटतो, त्यामुळे आपली कणीक पाणी जास्त पिते. शिवाय कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं कापतात. मैद्याच्या कृतीत सांगितलेलं पाणी कणकेला घातलं तर गोळा कोरडाच राहणार आणि लोफ दाटच होणार. मैद्याला ५०० ग्रॅममागे सुमारे ३२५ ग्रॅम पाणी लागतं, कणकेला ३७५ ते ४०० ग्रॅम. कणीक बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेला कोंडा वेगळा भिजवा आणि मळून झाल्यावर शेवटी मिसळा. आणि पाणी घातल्या घातल्या मळू नका. मिसळा, झाका, अर्धा-पाऊण तास सोडा. चपातीची कणीक मुरू देतो ना, तेच. ग्लुटेनचं निम्मं काम न मळताच होऊन जातं. मैदा घेणार असाल तर पाकिटामागची पोषणमूल्यं वाचा. १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं असलेलं पाकीट ब्रेडला बरं.

आता हवेचं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. कृतींत लिहिलेलं असतं, ‘दीड तास फुगू द्या’. ती वेळ साधारण २४-२५ अंशांच्या स्वयंपाकघराची. एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी पारा चाळिशीजवळ जातो. तिथे तोच गोळा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत दुप्पट होतो, आणि दीड तास ठेवला तर जास्त आंबून त्याचा दम जातो. मग भट्टीत गेल्यावर वर यायच्या ऐवजी तो बसतो, आंबूस वास मारतो, आणि घरातले म्हणतात, गव्हात काही नाही. उलट जानेवारीत साताऱ्यात पहाटेची थंडी असते तेव्हा दीड तासात गोळा जेमतेम हललेला असतो. तोच कच्चा गोळा भाजला की वीट होते. महाबळेश्वरी तर आणखी निराळं: सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून वायू लवकर फुलतो, पण थंडी यीस्टला मागे ओढते. एकच घड्याळ या तिन्ही गावांना कसं चालेल?

म्हणून गोळ्याकडे बघायचं. मळून झाल्यावर लिंबाएवढा तुकडा सरळ उभ्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा, जिथपर्यंत येतो तिथे रबरबँड लावा आणि ग्लास गोळ्याशेजारीच ठेवा. तुकडा दुप्पट झाला की गोळाही झाला. साच्यात घातल्यावर दुसऱ्यांदा फुगतो तेव्हा ओलं बोट हलकंच रुतवून बघा. खळगा झटकन भरून आला तर अजून थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर भट्टीत घाला, भरलाच नाही तर उशीर होत चालला आहे, लगेच भाजा.

उन्हाळ्यात यीस्ट निम्मं करा आणि माठातलं किंवा फ्रिजमधलं गार पाणी घ्या. त्याहून सोपं म्हणजे रात्री मळून, अर्धा तास बाहेर ठेवून, गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आत भाजा. सावकाश आंबलेल्या ब्रेडला चवही जास्त येते. हिवाळ्यात बंद ओव्हनमध्ये कढत पाण्याचं पातेलं ठेवून शेजारी गोळा ठेवला की साताऱ्याची थंडी आड येत नाही.

यीस्ट हे रसायन, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात भीती घातलेली आहे. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, जिवंत. इडलीचं पीठ, जिलबीचं पीठ आंबतं तेव्हाही तिथे सूक्ष्म जीवच काम करत असतात. ५५ ते ६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, आणि नीट भाजलेल्या ब्रेडचा गाभा ९० अंशांच्या वर जातो. पोटात जाऊन फुगायला जिवंत काही उरतच नाही. रसायनांबद्दल बोलायचं तर पोटॅशियम ब्रोमेटबद्दल बोलावं. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने विकतच्या ब्रेडच्या नमुन्यांत त्याचे अंश सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते परवानगीच्या यादीतून काढून टाकलं. बेकरीवाले ते वापरत होते गोळा लवकर बळकट व्हावा म्हणून. घरी आपल्याला घाई नसते, त्यामुळे त्याची गरजच पडत नाही. फार तर मळताना अर्धा चमचा लिंबाचा रस घाला.

साखरेचं आणि मिठाचं लवकर उरकते. पिठातलीच विकरं (एन्झाइम) स्टार्च फोडून यीस्टला साखर पुरवतात, वरून घालायची सक्ती नाही. गोडव्यासाठी, रंगासाठी गूळ घाला, चांगला लागतो. आणि पिठाच्या २ टक्के मीठ यीस्टला मारत नाही, आवरतं. आपल्या उन्हाळ्यात तो आवर हवाच असतो. मीठ वगळलेला ब्रेड बेचव होतो आणि गोळाही सैल पडतो. यीस्ट मरतं ते दोन गोष्टींनी: कढत पाण्याने आणि दुकानात-घरात उघड्यावर पडून. पुडी फोडली की हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवा. शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखर टाकून यीस्ट भिजवा, दहा मिनिटांत फेस आला नाही तर ती पुडी फेकून द्या, पीठ वाया घालवू नका. ओळखीच्या बेकरीतून ओलं यीस्ट मिळालं तर कोरड्या इन्स्टंटच्या तिप्पट वजनाने घ्या.

तासगावच्या बेदाण्यांपासून घरी यीस्ट उठवता येतं असंही कुणी कुणी सांगतं. येतं, पण बेदाणा कोणता ते बघा. रंग उजळ राहावा म्हणून गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यात रानटी यीस्ट टिकत नाही, पाणी आठवडाभर ठेवलं तरी फेस येणार नाही. काळसर, धुरी न दिलेला घ्या. हिरवा-पिवळा बेदाणा लोफमध्ये घालायला ठेवा, तिथे तो झकास लागतो.

ओव्हनबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. चारी बाजूंनी खरपूस लोफ हवा असेल तर साधा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन, लागतोच. पण तो महागडा असायची गरज नाही, आणि १५०० वॉटचा ओटीजी तासभर सलग चालला तरी दीड युनिट जातं. त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या, कारण २०० वर लावलेला ओव्हन प्रत्यक्षात १७० वरही असू शकतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या झाकणाच्या पातेल्यात, मंद गॅसवर, एकदा उलटून छोटे पाव होतात. वरून बेकरीसारखा रंग येणार नाही, आतून मऊ असतात. प्रेशर कुकर मात्र कोरडा तापवू नका. वीज गेली तर? भाजायच्या आधी गेली तर साचा सरळ फ्रिजमध्ये. भाजताना गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर बरंच काम पुढे सरकतं.

राहिला दुसऱ्या दिवशीचा दगड. ब्रेड शिळा होतो तो मुख्यतः वाळून नव्हे. शिजलेला स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट रचनेत जातो आणि ब्रेड कडक लागतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जोरात चालते. म्हणजे मेसेजने सांगितलेला उपाय हाच ब्रेड बिघडवायचा खात्रीचा मार्ग. दोन दिवसांचा ब्रेड बाहेर कापडात, उरलेला स्लाइस करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसा थेट तव्यावर गरम करा. पावसाळ्यात बाहेर बुरशी लवकर धरते, तेव्हा एका दिवसापुरताच बाहेर.

जास्त मऊपणा हवा असेल तर उकड काढा. २५ ग्रॅम पीठ १२५ ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर चमच्याची रेघ उमटेपर्यंत शिजवायचं, गार करून गोळ्यात मळायचं, आणि तेवढं पीठ-पाणी मूळ मापातून कमी करायचं. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो. जपान-चीनकडचे बेकर हेच करतात, आणि मोदकाची उकड काढणाऱ्या हाताला ते शिकवावं लागत नाही.

ज्यांना ग्रुपवर काही पाठवायचंच आहे त्यांनी हे पाठवावं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२५, मीठ १०, इन्स्टंट यीस्ट ५ आणि उन्हाळ्यात अडीच, तेल २० ग्रॅम. सगळं काट्यावर मोजून, वाटीने नाही. गोळ्याचा तुकडा बोटांनी पातळ ताणला तर आरपार उजेड दिसेपर्यंत मळायचं. दुप्पट होईपर्यंत थांबायचं, आकार देऊन साच्यात पुन्हा फुगू द्यायचं, २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजायचं. बाहेर काढल्यावर साच्यातून लगेच जाळीवर काढायचा, आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही.