कार्डावर चिप असूनही चुंबकीय पट्टी का धोक्याची

बँक कार्डाच्या चिपबद्दल एका लेखात 'चिपमधली माहिती लपवलेली असते म्हणून कार्डाची नक्कल होत नाही' असं स्पष्टीकरण दिलं आहे; ते दुरुस्त करायला हवं. कार्ड क्रमांक आणि मुदत चिपमधूनही सहज वाचता येतात. बाहेर येत नाही ती फक्त गुप्त किल्ली, म्हणजे चिपमध्ये साठवलेला गुप्त आकडा. व्यवहाराच्या वेळी मशीन चिपला रक्कम, तारीख आणि दर वेळी बदलणारा एक आकडा देतं. चिप त्यात स्वतःचा व्यवहार-क्रमांक मिसळून किल्लीच्या आधारे एक सांकेतिक उत्तर तयार करते आणि बँक ते ताडून पाहते. एका व्यवहाराचं उत्तर चोरलं तरी पुढच्याला चालत नाही. कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरचा मजकूर मात्र कायम तोच. एकदा वाचला की कोऱ्या कार्डावर उतरवता येतो.

चोर चिपच्या खाचेत कागदाइतकं पातळ सर्किट बसवून माहिती उचलतात आणि ती पट्टीवर लिहितात. याला तोड आहे. चिपमधला पडताळणी क्रमांक (कार्ड खरं आहे का हे बँक ज्यावरून तपासते तो) पट्टीवरच्यापेक्षा वेगळा ठेवतात, म्हणून अशी नक्कल बँकेकडे नाकारली जाते. पण बँकेने तो खरंच तपासला तरच! शिवाय पट्टीवरच्या सेवा-संकेताचा (कार्ड कसं वापरता येईल हे सांगणाऱ्या तीन अंकांचा) पहिला अंक २ किंवा ६ असेल तर 'या कार्डाला चिप आहे' हे मशीनला कळतं आणि ते स्वाइपऐवजी चिप मागू शकतं.

ऑनलाइन खरेदीत क्रमांक नुसते टाइप होतात, तिथे चिपचा उपयोग नाही. तिथे ओटीपीसारखी वेगळी पडताळणी लागते.

दुकानात 'चिप चालत नाही, स्वाइप करू' म्हणाले तर आधी चिपचे सोनेरी संपर्क कोरड्या कापडाने पुसा, मग दुसरं मशीन मागा.