आधी बैल, मग झोपा

नवी सायकल आणलीत? अभिनंदन. आता ती ठेवायला घरातली सर्वांत दुबळी जागा शोधा. लांब जायला नको, मागच्या अंगाची शेड त्यासाठीच उभी आहे. पुढच्या दाराला दोन कड्या, वर साखळी आणि बाहेर कोण आलंय ते बघायला भिंग, तेही जुना सोफा राखायला. घरातली सगळ्यात महागडी दोन चाकं मात्र वाऱ्याने उघडणाऱ्या फळकुटामागे. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे, मोडू नका.

सायकल ज्या खोक्यातून आली, तो चुकूनही फाडू नका. छापील बाजू रस्त्याकडे करून कचऱ्यापाशी उभा करा. रोजची फेरी अ‍ॅपवर उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत नोंदवा आणि जगाला दाखवा. घराभोवतालचा टापू झाकायची सोय त्यात असते, पण लपवाछपवी आपल्या स्वभावात कुठे?

आता कुलूप. ते खुशाल दणकट घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त ज्या कोयंड्यात ते अडकवायचं, तो चार बारक्या स्क्रूंवर बसवा आणि स्क्रूंची डोकी बाहेर राहतील असं बघा. म्हणजे येणारा कुलपाच्या वाटेला न जाता कोयंडाच सोडवतो आणि लावलेल्या कुलपासकट बाजूला ठेवतो. कुलपाला ओरखडासुद्धा येत नाही. काही संशयी लोक तिथे घुमटदार डोक्याचे बोल्ट आरपार घालतात आणि आतून रुंद वायसर टाकून नट आवळतात. मग बाहेरून पेचकस लावायला खाचच उरत नाही. अशांचा माणुसकीवर विश्वास नसतो. बिजागरीही अशी निवडा की तिची पिन बाहेरून उपसता येईल. दार काय, या बाजूने उघडलं काय नि त्या बाजूने उघडलं काय!

आकड्यांचं कुलूप आवडत असेल तर तीन आकडी घ्या. ००० ते ९९९ अशा हजारच जोड्या होतात. दर दोन सेकंदांना एक लावून पाहिली तरी सगळ्या तपासायला जेमतेम तेहेतीस मिनिटं. तेवढाही खोळंबा नको म्हणून बंद करताना शेवटचाच आकडा एक घर सरकवा. तुम्ही तसंच करता, मला माहीत आहे. नळीसारख्या गोल किल्लीची काही महागडी सायकल-कुलपं बॉलपेनच्या रिकाम्या प्लास्टिक नळीने उघडतात, हे २००४ साली जगजाहीर झालं आणि ती बदलून द्यावी लागली. त्यातलं एखादं अडगळीत सापडलं तर तेच लावा. पेनही जवळ ठेवा.

आत सायकल बांधू नका. जमिनीत काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली कडी, तिच्यातून, फ्रेममधून आणि चाकातून ओवलेली जाड साखळी, असलं काही डोक्यात आणू नका. बांधल्याशिवाय राहवतच नसेल तर तारेची बारीक केबल आहे, ती तार कापायच्या साध्या कातरीने तुटते. साखळीच हवी असेल तर ती जमिनीवर लोळू द्या. मग लोखंड तोडायच्या लांब दांड्यांच्या कातरीचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर सगळं अंग टाकता येतं. साखळी उंचावर ताणून बांधली की बिचाऱ्याला नुसत्या मनगटांवर निभवावं लागतं.

हत्यारांचं मात्र मनापासून बघा. पहार, हातोडा, लोखंड कापायचा बॅटरीचा ग्राइंडर, सगळं दाराशीच मांडा. बॅटरी भरलेली असू द्या. शिडी भिंतीला जखडून ठेवणारे लोक असतात. त्यांना हे सुचत नाही, की शेडमधून बाहेर पडलेल्या माणसाची नजर घराच्या वरच्या खिडकीकडे जाते. आता त्याने काय स्वतःची शिडी खांद्यावर घेऊन फिरायचं?

शेडच्या खिडकीची काच पुसा. दुधी कागद लावाल तर आत काय आहे ते बघणाऱ्याला कळणार कसं?

फ्रेमचा नंबर बहुतेक सायकलींना खालच्या अंगाला, पायडलचा आस जिथून जातो तिथे कोरलेला असतो. सायकल उलटी करून तो लिहून ठेवायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवा. फोटो काढाच, पण सूर्यास्ताचा, कोपऱ्यात हँडलचं एक टोक येईल असा. पुढे चौकीत वर्णन विचारलं तर मोकळेपणाने सांगा, ‘काळी होती. दोन चाकं होती.’ शेडमधल्या वस्तूंना विमा कुठवर लागू होतो, ते कलमही त्याच संध्याकाळी वाचायला काढा.

‘बैल गेला अन् झोपा केला’ या म्हणीत लोक उगाच टोमणा शोधतात. (झोपा म्हणजे गोठ्याचं दार. झोपेचा संबंध नाही, असलाच तर तुमच्या.) नीट वाचा, त्यात कामाचा क्रम दिलाय. आधी बैल, मग झोपा. झोप्यालाही घाई नको. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा येतो, त्याला वाट पाठ असते आणि नवी सायकल येणार हेही तो धरून चालतो. त्याला घर ओळखीचं वाटलं पाहिजे. तोच कोयंडा त्याच चार भोकांवर बसवा. भोकं सैल झाली असतील तर काडीपेटीतली काडी मोडून आत घाला आणि वर स्क्रू पिळा. घट्ट बसल्यासारखा दिसतो.