साहेब मीटिंगमध्ये आहेत

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

आईला घेऊन बँकेत गेले होते. बाबांच्या मागे तिला जे तुटपुंजं पेन्शन मिळतं, त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे बाई जिवंत आहे हे बाईनेच येऊन सिद्ध करायचं. मशीनवर तिचा अंगठा लागेना. जन्मभर भांडी घासून आणि धुणी बडवून रेषा उरल्यात कुठे? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, आता साहेबांनाच विचारावं लागेल. पण साहेब मीटिंगमध्ये आहेत."

आईने विचारलं, "गेटवर गेलेत का?"

मुलगी हसली. मला मात्र बरोबर कळलं, आई काय विचारतेय ते.

बाबा पिंपरीच्या एका कंपनीत होते. आमच्या घरात मीटिंग म्हणजे गेट मीटिंग. शिफ्ट सुटली की युनियनचा पुढारी गेटसमोर स्टुलावर चढणार. बोनस, करार, कुणाला मेमो मिळाला, कुणाला सस्पेंड केलं, सगळं तिथे खणखणीत आवाजात. बाबा उशिरा आले की "मीटिंग होती" एवढंच म्हणायचे आणि आई भाजी परत गरम करायला घ्यायची. तिच्या लेखी मीटिंग उघड्यावर होते, मोठ्याने होते आणि तिथे कुणीही जाऊन उभं राहू शकतं. साहेब काचेच्या केबिनमध्ये समोर बसलेले दिसतायत आणि तरी ते "मीटिंगला गेलेत", हे तिला पटणार कसं?

आणि खरं सांगू, अर्धी दुनिया आईच्याच बाजूने आहे. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होते तेव्हा 'मीतिंग' हा शब्द आला आणि वर्गातले आम्ही सगळे ऑफिसची मीटिंग समजून मोकळे. तिकडे मीतिंग म्हणजे चौकात भरलेली जाहीर सभा. २००४ साली रशियात सभा-मोर्चांचा कायदा झाला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. ऑफिसातल्या बैठकीला त्यांचा वेगळा शब्द आहे, सोवेश्चानिये. (मॉस्कोतली आयटीवाली पोरं आता ऑफिसच्या मीटिंगलाही मीतिंग म्हणायला लागलीत. म्हणोत.) तुर्कस्तानात मिटिंग म्हणजे पक्षाची मैदानातली सभा. स्पॅनिशमध्ये मितिन, तीही तशीच. फ्रेंच लोक पक्षाच्या सभेला मीटिंग म्हणतात, धावण्याच्या शर्यतींना म्हणतात आणि विमानांच्या कसरतींनाही म्हणतात. फ्रेंचांपुढे कोण बोलणार.

हे काही त्यांनी मनाने रचलेलं नाही. इंग्रजांची मीटिंगसुद्धा एकेकाळी उघड्यावरच होती. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागायला साठेक हजार माणसं जमली, ती मीटिंगच. सरकारने त्यांच्यावर घोडेस्वार घातले, माणसं मेली. १८४३ मध्ये आयर्लंडात डॅनियल ओकॉनेल या तिथल्या पुढाऱ्याच्या सभांना एवढी गर्दी व्हायची की त्यांना 'मॉन्स्टर मीटिंग' म्हणायचे. म्हणजे ज्या शब्दामागे माणसं घोड्यांच्या टापांखाली गेली, त्याच शब्दामागे आमचे साहेब एसीत बसून बिस्किटं खातात!

आपल्याकडे असं का झालं, याचं माझं आपलं एक मत आहे. मैदान आपण आधीच 'सभे'ला देऊन बसलो होतो. याच पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. सभा म्हटलं की शनिवारवाड्याचं पटांगण, लाउडस्पीकर, खाली बसलेले लोक. मग मीटिंगच्या वाट्याला काय उरलं, तर बंद दार. भाषेचे जाणकार म्हणतील इतकं सोपं नसतं. नसेल. पण मग कामगारांनी 'गेट मीटिंग' हा शब्द कुठून आणला? मराठीत द्वारसभाही आहे की, पत्रकात तेच छापतात. पण बाबा कधी द्वारसभेला गेले नाहीत. ते मीटिंगलाच गेले.

पुन्हा बँकेत येते. आई बाकड्यावर बसलेली. काचेतून सगळं दिसत होतं, चहा आत गेला, रिकामे कप बाहेर आले. मी दोनदा उठले, दोनदा आईने पदर धरून खाली बसवलं. "त्यांचं चाललंय ना काहीतरी." बघा, एवढं होऊनही तिला वाटत होतं की आत कुणाच्या तरी पगारवाढीचं चाललं असेल.

हो, मला माहितीये, साहेबांनाही वरून टार्गेट असतं, व्हिडिओ कॉन्फरन्समधून मध्येच उठता येत नाही. मान्य. आणि त्या काउंटरवरच्या मुलीवर तर माझा काडीचा राग नाही. एकटी तिघांचं काम ओढत होती बिचारी, त्यातही उठून आईला पाणी आणून दिलंन. माझ्या मुलीएवढी असेल. तिलाही दिवसातून शंभर वेळा तेच एक वाक्य म्हणावं लागतं आणि शिव्या तीच खाते.

शेवटी साहेब बाहेर आले, आईकडे बघितलं, सही केली. एका सहीचं काम! त्यासाठी म्हातारी माणसं ताटकळत बसलेली. आमच्या शेजारचे आजोबा तर कंटाळून निघूनही गेले होते, परत रिक्षाचे पैसे घालून येतील.

बँकेतले मित्रमैत्रिणी आता भांडायला येतील, या. पण त्याआधी एवढं करा. पुण्यात एवढ्या पाट्या लागतात, तुमच्या केबिनच्या दारावरही एक लावा, मीटिंग किती ते किती आणि तेवढ्या वेळात सही कोण करेल. अक्षर मोठं काढा, आईला चष्म्यातूनही नीट दिसत नाही.