उत्तरमुखी बाल्कनीतील बागायत

माळव्याच्या भूमीचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या ‘डग डग रोटी, पग पग नीर’ असे केले जाते. हे वर्णन ज्याने कोणी केले, त्याने चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विचारात घेतलेला नसावा. आमच्या इंदूरच्या घराला अंगण नाही, परसदार नाही आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या व सोसायटीचे कुलूप आहे. उरली ती बाल्कनी, आणि तिचे तोंड उत्तरेला. उत्तर ही कुबेराची दिशा असल्याचे सांगून बिल्डरने तिच्यापायी जादा पैसे घेतले होते. टोमॅटो, मिरची आणि वांगे यांना कुबेराशी काही कर्तव्य नसते. त्यांना रोज सहा तास ऊन लागते.

कर्कवृत्त इंदूरच्या थोडे उत्तरेकडून, उज्जैनच्या बाजूने जाते. त्यामुळे वर्षातील बहुतेक काळ सूर्य आमच्या इमारतीच्या दक्षिणेकडून, म्हणजे पलीकडच्या फ्लॅटवाल्यांच्या सोयीने, प्रवास करतो. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मात्र तो महाकालाच्या दर्शनाला निघाल्यासारखा किंचित उत्तरेला सरकतो आणि आमच्या कठड्यावर सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन पडते. नेमक्या त्याच दिवसांत माळव्यात पावसाळा येतो.

मातीची कथाही अशीच आहे. कापूस, सोयाबीन आणि गहू पिकवणारी काळी माती शहराच्या सभोवती पसरलेली असताना मी ती नर्सरीतून पोत्याने विकत आणली. ही माती शेतात कितीही गुणी असली, तरी कुंडीत तिचा स्वभाव बदलतो: ओली असताना ती फुगून गच्च होते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडा सोडते, आणि मग वरून घातलेले पाणी मुळांना ओळखही न देता कडेने खाली निघून जाते. जलूदहून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून, विंध्याचा चढ चढून इंदुरात आलेले नर्मदेचे पाणी अशा रीतीने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पोहोचत असे. त्या पापडांविषयी झालेला संवाद येथे देण्यासारखा नाही. मातीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि कंपोस्ट मिसळावे, असे नर्सरीवाल्याने सुचवले, आणि येथूनच घरातील सलोख्याला तडा गेला.

वास्तविक कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकराने कोणाकडून धडे घेण्याचे कारण नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. त्यावरील १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, आणि वाड हे आपले आडनाव वाचून माझी छाती उगाचच फुगली. हॉवर्ड यांच्याजवळ बैल होते. माझ्याजवळ झाकणाची बादली आणि आंबट ताक होते. तरीही अडचण बैलांची नव्हती, सालींची होती.

इंदूरमध्ये भाजीच्या सालींवर पहिला हक्क महानगरपालिकेच्या गाडीचा असतो. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे हा आता संस्कार झाला आहे. शिवाय शहराजवळच्या देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा पचवून त्यापासून वाहनांचा इंधन-वायू करू शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या आईची अशी ठाम समजूत आहे, की शहरातली बस तिने सोललेल्या दुधीवर चालते. “तुझ्या चार मिरच्यांसाठी मी लोकांची बस थांबवू का?” असे तिने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी रात्री ओल्या कचऱ्याच्या डब्यातून साली काढून बादलीत टाकू लागलो. काही दिवसांनी गाडीवरच्या भाऊंनी सौभाग्यवतीला मोठ्या आपुलकीने विचारले, “भाभीजी, आजकल गीला कम आ रहा है, रोज़ सराफा चल रहा है क्या?” सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. सगळ्या इमारतीने ते ऐकले.

कोथिंबीर मात्र उत्तम आली. एक धणा म्हणजे दोन बिया, म्हणून तो रगडून पेरावा लागतो, आणि कोवळ्या उन्हावर तिचे भागते. पहिली जुडी मी मिरवत स्वयंपाकघरात नेली, त्याच वेळी दारात आलेला भाजीवाला आमच्या पिशवीवर कोथिंबिरीची मूठ टाकून म्हणत होता, “ये तो ऐसे ही रख लो, बाबूजी.”

खरी परीक्षा दुधीने पाहिली. मोठ्या पिंपात लावलेल्या वेलाने आमच्या बाल्कनीत थोडा काळ विचार केला, मग उन्हाचा माग काढीत भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घातला आणि शेजाऱ्यांच्या पूर्वेकडच्या गॅलरीत संसार थाटला. दुधीला नर फुले आधी आणि भरपूर येतात. ती सारी आमच्याकडे लागली. मागे इवलासा दुधी असलेली मादी फुले त्यांच्याकडे लागली. ही पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचे परागीभवन मुख्यतः निशाचर पतंग करतात. आमच्या मजल्यावर पतंग येत नसल्याने ते कार्य हाताने उरकणे भाग होते. म्हणून ऐन तिन्हीसांजेला, हातात एक टवटवीत पांढरे फूल घेऊन, मी शेजारच्या दाराची घंटा वाजवली. दार वहिनींनी उघडले आणि फुलाकडे पाहून त्यांनी काकांना हाक मारली.

“काका, हे नर आहे,” मी म्हणालो. “मादी तुमच्या गॅलरीत आहे.”

काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. कोणत्याही अर्जाची छाननी केल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाहीत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही फुले तपासली, पाकळ्या का काढायच्या ते विचारून घेतले, आणि पुढे रोज संध्याकाळी हे काम स्वतःकडे घेतले, कारण माझा हात त्यांना जड वाटला. दुधी धरला, वाढला, आणि त्यांनीच कापला. अर्धा आमच्याकडे पाठवताना त्यांनी निरोप दिला, “पुढच्या वेळी गिलकं लावा. आमच्याकडे दुधी कोणी खात नाही.”