सड्यावरची चित्रं माणसांनीच कोरली आहेत

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक मेसेज टाकला. 'कोकणातल्या कातळशिल्पांचं रहस्य उलगडलं' असा मथळा, खाली पाच मुद्दे, शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण दादाने लगेच आमच्या भाचीला फोन लावला. ती मुंबईत बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पुरातत्त्व, आणि तिचा प्रकल्प आमच्याच गावच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, चित्रांवर आहे. "शास्त्रज्ञांनी सगळं शोधून काढलंय, तू दोऱ्या लावून काय मोजत बसली आहेस? अजून वेळ आहे, बीकॉमला जा," असं मामाने तिला ऐकवलं. पोर रात्री मला फोन करून रडली. म्हणून हे लिहिते आहे आणि दादालाही पाठवते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ही चित्रं परग्रहावरच्या लोकांनी कोरली, कारण एवढं मोठं काम त्या काळच्या माणसाला जमणं शक्य नाही. कार्बन डेटिंगने त्यांचं वय चाळीस हजार वर्षं ठरलं आहे आणि युनेस्कोने ते मान्य केलं आहे. पेरूतल्या वाळवंटात जमिनीवर काढलेल्या प्रचंड नाझका रेषा त्याच हातांच्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवाचे गोठणे इथे होकायंत्र फिरतं, हा त्याचा पुरावा. आणि तिथल्या दगडाचा तुकडा उशाशी ठेवला की रक्तदाब उतरतो.

कार्बन डेटिंगचं आधी उरकते. ती पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू पडते: कोळसा, हाड, लाकूड, शिंपला. त्यातला किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, त्यावरून हिशेब करतात. जांभ्या दगडात कोरलेल्या खाचेत जळलेलं लाकूड नाही की हाड नाही, मग मोजणार काय? चित्रं हजारो वर्षं जुनी असावीत हे अभ्यासकही म्हणतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, समुद्रातले जीव आहेत, आज कोकणात कुठेही नसलेला गेंडा आहे. शेतीचं मात्र एकही दृश्य नाही. म्हणून ही शिकारीवर जगणाऱ्या माणसांची असावीत, असं अनुमान आहे. अनुमानाला अनुमान म्हणावं.

युनेस्कोचंही तसंच. २०२२ मध्ये ही स्थळं जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. ही यादी आपलाच देश पाठवतो. तिच्यात नाव असणं म्हणजे अर्ज रांगेत लागणं. परग्रहाचा त्यात उल्लेख कुठून येणार?

होकायंत्राचं मात्र खरं आहे, हे मला मान्य करावं लागतं. देवाचे गोठण्याच्या सड्यावर कोरलेल्या मनुष्याकृतीजवळ सुई भरकटते. पण जांभा लाल कशाने दिसतो? लोखंडाच्या ऑक्साइडने. त्यातली काही खनिजं चुंबकीय असतात, आणि उघड्या उंच कातळावर वीज पडली की तो कातळ चुंबकासारखा भारला जातो. हे जगभर मोजलेलं आहे. तिथे कोणाला तरी सुईशिवायही काही जाणवलं असेल आणि म्हणून तीच जागा निवडली असेल, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. यान उतरलं होतं म्हटलं तर नाही.

आता माझं डोकं ज्याने फिरलं तो मुद्दा: 'त्या काळच्या माणसाला जमणं शक्य नाही.'

दादा, आपल्या शेजारच्या वाडीतल्या चिरेखाणीवर माणसं काय करत होती ते तू लहानपणी पाहिलं आहेस. यंत्रं येण्याआधी हातातल्या हत्याराने चिरा पाडत होती. खाणीतून निघताना जांभा मऊ असतो आणि उन्हावाऱ्यावर घट्ट होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०० च्या सुमारास केरळात लोकांना हा दगड विटेसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ सालच्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरूनच त्याचं इंग्रजी नाव पाडलं. सड्याचा वरचा थर कडक असतो हे खरं, पण तो छिद्राछिद्रांचा असतो. गारगोटीने ठेचत गेलं तर खाच पडते. त्याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते, दोन्ही माणसाकडे होतं.

आकाराचं म्हणशील तर कशेळी गावच्या सड्यावरचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात डझनावारी इतर प्राणी कोरले आहेत. वरून बघितल्याशिवाय हे जमत नाही म्हणे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या जो निकेल यांनी नाझकाचा ४४० फुटांचा पक्षी एका शेतात हुबेहूब उतरवला होता. साधन काय, तर लाकडी खुंट्या आणि दोरी. सोबत मोजकी माणसं आणि वरून बघायला कोणी नाही. आपल्याकडे दारात मोठी रांगोळी काढणाऱ्या बायका कुठल्या विमानातून बघतात? आणि नाझका कातळात कोरलेलं नाही. तिथे वाळवंटातले काळपट खडे बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वी पाचशे ते नंतर पाचशे. देश वेगळा, पद्धत वेगळी, काळ वेगळा. दोन्ही मोठं आहे, एवढंच साम्य.

'ह्यांना जमणार नाही' हे वाक्य जगात आधीही म्हटलं गेलं आहे, आणि कोणाबद्दल म्हटलं गेलं ते पाहा. आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वे नावाचं दगडी नगर आहे. चुन्याशिवाय, नुसते दगड रचून उभारलेल्या प्रचंड भिंती. १८७१ मध्ये तिथे पोहोचलेल्या कार्ल माउख या जर्मन प्रवाशाने ते बायबलमधल्या शेबाच्या राणीशी जोडलं. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी भूमध्य समुद्रावरचे प्राचीन व्यापारी, फिनिशियन म्हटलं, अरब म्हटलं, तिथे राहणाऱ्या काळ्या माणसांचे पूर्वज सोडून कोणीही चाललं. कारण त्यांनी हे बांधलं असं मान्य केलं असतं तर त्यांची जमीन कोणत्या तोंडाने घेतली असती?

१९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी तिथे खणलं. भिंतींच्या पायाखाली, थर मोजत. निघाली ती स्थानिक पद्धतीची मातीची भांडी, आणि बाहेरून आलेले काचेचे मणी. त्यात आपल्या हिंदुस्थानातले मणीही होते, याच अरबी समुद्रावरून गेलेले. निष्कर्ष स्पष्ट निघाला: हे मध्ययुगीन आहे आणि आफ्रिकी लोकांचंच आहे. आणि त्या खणणाऱ्यांत फोटो काढायला कोण होती? कॅथलीन केन्यन, वय तेवीस, त्याच वर्षी ऑक्सफर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडलेली. खोदकामाचा तो तिचा पहिलाच अनुभव. पुढे पॅलेस्टाइनमधल्या प्राचीन जेरिको नगराचं उत्खनन याच बाईने केलं. दोऱ्या लावणाऱ्या, फोटो काढणाऱ्या, भांड्यांचे तुकडे धुणाऱ्या पोरापोरींच्या कामावरच हा विषय उभा आहे, दादा.

आपल्याकडेही सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षं उन्हात सडे पालथे घातले, गावोगावच्या गुराख्यांना विचारलं, तेव्हा ही चित्रं जगासमोर आली. 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' असं आपली आजी सांगायची. तिच्या गोष्टीत निदान कोरणाऱ्यांना हात होते आणि ते आपले होते. या मेसेजने आपल्याच पूर्वजांच्या हातातून गारगोटी काढून घेतली आहे.

राहिला रक्तदाबाचा दगड. यावर वाद घालायचीही माझी इच्छा नाही. गोळी चालू असेल तर ती बंद करू नका, एवढंच. पण त्याचा परिणाम काय झाला ते सांगते.

मे महिन्यात भाची आणि तिच्या वर्गातल्या तीन मुली आमच्याकडे आठ दिवस होत्या. पहाटे पाचला उठून सड्यावर जायच्या, कारण तिरक्या उन्हातच रेघा नीट दिसतात आणि नऊनंतर कातळावर पाय ठेवता येत नाही. चपला बाहेर काढायच्या. रेघांत खडू भरायचा नाही हा त्यांच्या बाईंचा सक्त नियम. एक-एक मीटरवर दोरी ताणून, चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनातली खाच आलेखाच्या कागदावर उतरवायची. मी चहा घेऊन जायचे तेव्हा एकही मान वर व्हायची नाही.

परवा गुरांमागे सड्यावर गेलेले आमच्या वाडीतले आबा घरी आले. "ताई, माशाचा शेपूट फोडून नेलानी," म्हणाले. मी जाऊन पाहिलं. छिन्नीचे ताजे घाव आहेत आणि वीतभर तुकडा गेला आहे. कोणाच्या तरी उशाशी असेल. गावात विचारलं तर रविवारी दोन गाड्या आल्या होत्या, मोबाइलवर हाच मेसेज दाखवून वाट विचारत होते.

भाचीला फोटो पाठवला. तिने मेमधला कागद शोधून त्याचा फोटो उलट पाठवला. चौकोन क्रमांक अकरा. त्यात शेपूट पूर्ण आहे, दोन्ही टोकांसकट, खाचेची खोलीही बाजूला लिहिलेली आहे. आता तेवढंच शेपूट उरलं आहे.